सातवं कात्रण

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी पर्वती पायथ्याजवळच्या एका मराठी शाळेत नववीला मराठी शिकवते. उपयोजित लेखनात बातमीलेखन आलं की दर वर्षी मुलांना एक काम देते: एकाच घटनेची वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतली कात्रणं आणायची आणि त्यांतला फरक शोधायचा. यंदा मुलांनी आमच्याच भागात पदपथावरच्या भाजीवाल्यांवर झालेल्या कारवाईची बातमी निवडली. सहा दैनिकांची सहा कात्रणं आली. ब्राऊनपेपरवर चिकटवली, तर फरक सापडेना. चार मथळ्यांत ‘मोकळा श्वास’ होता. दोन बातम्यांत ‘जप्त’ऐवजी ‘जत्प’ छापलं होतं, तेही एकाच वाक्यात.

मुलं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. म्हणाली, “बाई, त्यात माझ्या आईचा गाडा होता. आमच्याकडे सर्टिफिकेट आहे. आईशी कुणीच बोललं नाही. मग हे सगळ्यांना कळलं कुठून?” मला उत्तर देता आलं नाही. ‘उद्या बोलू’ म्हणून तास संपवला. त्याला आज आठ दिवस झाले.

घरी मिस्टर म्हणतात, पेपर बंद करून टाक, सगळे विकले गेलेत. शाळेतल्या एक सहकारी म्हणाल्या, असले विषय वर्गात नकोत, पालकांचे फोन येतील. मी त्या मुलीला काय सांगू? आणि पुढच्या वर्षी हे काम द्यावं की नको?

— एक बाई, पुणे

उत्तर

प्रिय बाई,

उद्या पहिल्या तासाला वर्गात जा आणि त्या मुलीला सांगा, की तुझा प्रश्न इतका चांगला होता की मला त्यासाठी आठ दिवस लागले. शिक्षकाला उत्तर शोधावं लागलं हे मुलांना कळलं तर काही बिघडत नाही. उलट एरवी त्यांना ते कधी बघायलाच मिळत नाही.

‘हे सगळ्यांना कळलं कुठून?’ मी एकतीस वर्षं पुण्यातल्या दैनिकांच्या डेस्कवर काढली. बातम्या खरडल्या, कापल्या, मथळे दिले. एवढ्या वर्षांत सकाळच्या मीटिंगला हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारलेला मी ऐकला नाही. म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

तुमच्या ब्राऊनपेपरवरचा ‘जत्प’ हा बोटाचा ठसा आहे. दोन माणसं एकाच वाक्यातल्या एकाच शब्दात एकच चूक आपापल्या मनाने करत नाहीत. तो शब्द प्रेसनोटमधून, म्हणजे कारवाई करणाऱ्या खात्याने वार्ताहरांना धाडलेल्या तयार निवेदनातून आला. कारवाई दुपारी उरकली असेल, संध्याकाळच्या सुमारास बीटच्या, म्हणजे त्या विषयाच्या वार्ताहरांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट आणि दोन फोटो पडले असतील: किती गाडे, किती टपऱ्या, किती मीटर पदपथ मोकळा. ग्रुपमध्ये सगळ्या दैनिकांचे, चॅनेलचे, पोर्टलचे वार्ताहर असतात. त्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्या दिवशी अजून तीन-चार बातम्या असतात. आणि आता बातमी पेपरला जायच्या आधी वेबसाइटला द्यावी लागते, तीही लगेच. मग वार्ताहर आलेला मजकूर उचलतो, वरचं वाक्य जरा हलवतो आणि पाठवून देतो.

पूर्वीही प्रेसनोट होत्याच, आम्ही त्यांना हँडआउट म्हणायचो. पण तो कागदावर यायचा आणि तो समोर ठेवून बातमी पुन्हा लिहावी लागायची. लिहिताना हात थांबायचा, एखाद्या आकड्याशी अडखळायचा, फोन लावावासा वाटायचा. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर सारखंच दिसणारं टंकन आलं आणि तो थांबा गेला. मराठीला युनिकोड मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे, मीही आता त्यातच लिहितो. पण कॉपी-पेस्टमुळे डेस्कवरची ही एक आपोआप होणारी तपासणी संपली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आता ‘मोकळा श्वास’. हा मथळा मी स्वतः किती वेळा दिलाय याची मोजदाद नाही. रस्त्यांनी घेतला, चौकांनी घेतला, नदीपात्राने घेतला, टेकडीने घेतला. वर्गात या दोन शब्दांवर एक पूर्ण तास घ्या, इतका ऐवज त्यांत आहे. श्वास कुणी घेतला? पदपथाने. म्हणजे ज्याला जीव नाही त्याला श्वास मिळाला, आणि ज्यांचा त्या सकाळी खरोखर श्वास अडकला ती माणसं वाक्यात कर्ता म्हणूनही नाहीत आणि कर्म म्हणूनही नाहीत. ‘अतिक्रमणे हटविण्यात आली’ या कर्मणी प्रयोगाने उरलंसुरलं काम केलं. व्याकरण शिकवायला याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

मुलांना हेही सांगा, की बहुतेक वेळा हे कुणाच्या हुकुमावरून होत नाही. रोज सकाळी संपादकीय विभागाची मीटिंग होते. टेबलावर इतर सगळी दैनिकं पसरलेली असतात. संपादक किंवा मुख्य वार्ताहर विचारतो, “हे त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?” बातमी चुकली म्हणतात ती अशी. त्यावर बोलणी बसतात. पण जी बातमी कुणाकडेच नाही, तिच्यासाठी कुणाला बोलणी बसत नाहीत. त्या मुलीच्या आईची बाजू सहाही ठिकाणी नव्हती, त्यामुळे सहाही ठिकाणी कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांबरोबर चुकलं की ती चूक राहतच नाही. नव्या वार्ताहराला हे कुणी शिकवत नाही, पहिल्या सहा महिन्यांत त्याचं त्यालाच कळतं.

आणि एक गोष्ट माझ्या खात्यावरची. बातमी नेहमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे रात्री ऐन वेळी जाहिरात आली की शेवटचा परिच्छेद उडवायचा आणि पान छपाईला सोडायचं. आता विचार करा, शेवटच्या परिच्छेदात काय असतं? ‘दरम्यान, या कारवाईबाबत व्यावसायिकांनी नाराजी व्यक्त केली.’ वेगळं म्हणणारा माणूस ‘दरम्यान’च्या मागे उभा असतो, आणि कात्री आली की पहिला तोच जातो. ऐन चाळिशीत असताना एका रात्री मी असाच एक परिच्छेद उडवला. वार्ताहर मुलगी नवीन होती. भर उन्हात चार तास उभी राहून तिने एका फळवाल्याशी बोलून आणलं होतं. नाव, वय, किती वर्षं तिथे बसतो, दिवसाला किती सुटतात, सगळं. पंधरा ओळी जास्त होत होत्या. त्या पंधरा ओळी त्याच्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही. त्यानंतर तिच्या बातम्यांत असा परिच्छेद कधी आलाही नाही. मला ते महिनाभराने लक्षात आलं, आणि तेव्हाही मी तिच्याशी बोललो नाही. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते मी झटकून टाकणार नाही. आपण पेपरला जी किंमत देतो त्यात त्याचा कागदसुद्धा धड निघत नाही, बाकीचा खर्च जाहिरातीतून येतो. पुण्यात दसरा-दिवाळीच्या आसपास पहिलं पान उलटायला आधी गृहप्रकल्पांची दोन-तीन पानं उलटावी लागतात, ते तुम्ही बघताच. सरकारी जाहिरातीही त्यात आल्या. आणि याहून वाईटही घडलेलं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला. तुमच्या मुलांनी ब्राऊनपेपरवर केलं तेच. त्यानंतर ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घरोघरी पोचला आणि वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल तयार केला.

पण ‘सगळे विकले गेलेत’ म्हटलं की शोध तिथेच थांबतो. त्या वाक्याने मिस्टरांची सुटका होईल, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. पेपर बंद करून माणूस मोबाइलवर जातो, आणि तिथे सगळ्यांच्या विरुद्ध बोलणारा जो पहिला भेटेल तो त्याला खरा वाटायला लागतो. एवढ्या वर्षांत मी हे जवळच्या, शिकलेल्या माणसांच्या बाबतीत बघितलंय. सगळे एका सुरात बोलत असले म्हणजे ते खोटंच असतं असं नाही. गुरुवारी शहराचं पाणी बंद राहणार आहे हे सहाही पेपरांनी सारख्याच शब्दांत छापलं तर आपण त्यांचे आभार मानतो आणि बुधवारी पिंप भरून ठेवतो. प्रश्न तिथे येतो, जिथे घटनेला दोन बाजू होत्या आणि छापली गेली एकच. टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एकमेकांवर ओरडतात म्हणून तिथे आठ मतं असतात असंही नाही. कोणत्या प्रश्नावर ओरडायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आणीबाणीची आठवण या निमित्ताने मुलांना सांगावी असं मला वाटतं, कारण तेव्हा हा एकसूर वरून लादला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. जून १९७५ मध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. १९७६ मध्ये देशातल्या चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली. ती मोडून चार पुन्हा वेगळ्या व्हायला १९७८ उजाडलं. आणीबाणी लागल्यावर १९७५ मध्येच मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला आणि ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायालयाने अपिलातही मसानींच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्यावर शिडं वळवावीत, एका रांगेत चालावं आणि एका सुरात बोलावं हे बघणं सेन्सॉरचं काम नाही, अशा अर्थाचं त्या निकालात लिहिलेलं आहे. आणीबाणी चालू असताना लिहिलेलं आहे. आज सेन्सॉर नाही, तरी तुमच्या ब्राऊनपेपरवर रांग एकच आहे. तेव्हा निदान रांग लावणारा दिसत तरी होता.

त्या सहकारी बाईंना, पालकांच्या फोनची भीती वाटते म्हणून त्यांना दोष देऊ नका. पण शाळा पुण्यात आहे, याची त्यांना आठवण करून द्या. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते. टिळक आणि ते एकत्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आलेले मित्र. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून मतभेद झाले. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यावर तर हे दोघे समोरासमोर उभे होते. गावाने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ‘सुधारक’ निघत राहिला. तेव्हाच्या पुणेकराला एकाच प्रश्नावर एकाच आठवड्यात दोन उलट अग्रलेख वाचायला मिळत, आणि दोन्ही चांगल्या मराठीत.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिथेच थांबतो, हे मला खटकतं. कारण तेव्हाही टिळक-आगरकरांच्या वादाबाहेर मोठा समाज होता. त्याची बाजू मांडायला कृष्णराव भालेकरांनी पुण्यातूनच १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढला, म्हणजे ‘केसरी’च्याही आधी. आणि १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा त्याची साधी जाहिरातही, पैसे घेऊनसुद्धा, ‘केसरी’ने छापली नाही. ज्यांना कुणी जागा दिली नाही त्यांनी आपला कागद आपण काढला. तुमच्या मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली तेव्हा ती नकळत याच रांगेत उभी राहिली.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

ब्राऊनपेपर भिंतीवरून काढू नका. पुढच्या तासाला मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायला सांगा. प्रत्येक कात्रणात जो जो माणूस बोललाय त्याच्याखाली एका रंगाने रेघ. ज्याच्याबद्दल बोललंय पण जो स्वतः बोललेला नाही, त्याच्याखाली दुसऱ्या. मत द्यायचं नाही, फक्त रेघा ओढायच्या आणि मोजायच्या. हे काम राजकारण आहे असं कुठल्याही पालकाला म्हणता येणार नाही; हे शुद्ध वाचन आहे. मग मुलांना एकच विचारा: या बातमीत अजून कुणाला विचारायला हवं होतं? भाजीवाली, तिचं गिऱ्हाईक, पदपथावरून काठी टेकत जाणारे आजोबा, वरच्या मजल्यावरचा दुकानदार, कारवाई करणारा कर्मचारी. त्या कर्मचाऱ्याला विसरू देऊ नका. उन्हात गाडे उचलणारा तो माणूसही त्या सहा बातम्यांत बोललेला नसेल.

कारवाई बरोबर की चूक, हे इथे बसून मी ठरवणार नाही. पदपथावरून म्हाताऱ्या माणसाला चालता आलं पाहिजे हेही मला पटतं. पण पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात शहर पथविक्रेता समिती आहे, सर्वेक्षण आहे, विक्रेत्याला प्रमाणपत्र आहे. हटवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस आहे. माल उचलला तर त्याची यादी द्यायची असते. तो सोडवायला गेल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. तुमच्या विद्यार्थिनीने ‘सर्टिफिकेट’ म्हटलं ते बहुधा हेच. सहा बातम्यांत या कायद्याचं नाव कितीदा आलं, तेही मुलांना शोधायला सांगा. मला वाटतं, तिथे रेघ ओढायला काही सापडणार नाही. विरोधी मत म्हणजे कुणीतरी मोठ्याने केलेला विरोध, असा आपला समज असतो. कधी कधी एवढी एक कोरडी ओळ बातमीत असती, तरी वाचणाऱ्याच्या मनात दुसरी बाजू उभी राहिली असती.

मग सातवं कात्रण लिहा. सगळ्या वर्गाने मिळून, हाताने, एका फुलस्केपवर. बातमीच, निबंध नको. मुलीच्या आईचं म्हणणं त्यात तिसऱ्या-चौथ्या ओळीला येऊ द्या, ‘दरम्यान’च्या खाली नाही. तिचं सगळं खरं आणि सहा पेपरांचं सगळं खोटं, असंही लिहू नका. प्रमाणपत्र आहे म्हणते तर मुलांनी ते डोळ्यांनी बघावं, त्यावरचा दिनांक आणि ठिकाण वहीत उतरवावं, आणि गाडा त्याच ठिकाणी होता का ते तिलाच विचारावं. तिला हा प्रश्न कदाचित आवडणार नाही. तरी विचारावा लागतो, आणि तो का विचारावा लागतो हेही तिला समजावून सांगावं लागतं.

तुम्ही स्वतः त्यातल्या एका तरी दैनिकाला पत्र लिहा. संपादकाच्या नावाने, दीडशे शब्दांच्या आत, बातमीचा दिनांक आणि पान क्रमांक घालून, पूर्ण नाव-पत्त्यासह. ‘हल्लीची पत्रकारिता’ असं काही लिहू नका, असली पत्रं आम्ही वाचायचोही नाही. एकच मुद्दा लिहा: या बातमीत ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांची बाजू नाही, आणि ती मिळण्यासारखी होती. डेस्कवर अशी नेमकी पत्रं फार थोडी येतात, त्यामुळे ती लक्षात राहतात. प्रेस कौन्सिलकडेही जाता येतं. आधी संपादकाला लिहावं लागतं आणि दैनिकाच्या बाबतीत बातमी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, कानउघाडणी करू शकतं, त्यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नाही. एका बातमीसाठी तिथवर जावं असं मला वाटत नाही.

पेपर बंद करू नका. जमलं तर एक बदला. एका घरात एकच पेपर दहा-दहा वर्षं येत राहतो आणि आपल्याला तो एक आवाज म्हणजेच जग वाटायला लागतं. त्याऐवजी एखादं साप्ताहिक लावा, ज्याला रोजच्या प्रेसनोटची घाई नाही. शाळेच्या वाचनालयात तेच ठेवा. पुढच्या वर्षी हे काम जरूर द्या. फक्त घटना मुलांच्या चालण्याच्या अंतरातली असू द्या, म्हणजे कात्रण घेऊन तिथे जाऊन बघता येईल.

हे सगळं करायच्या आधी मात्र एक करा. त्या मुलीच्या आईला भेटा. शाळेत बोलावू नका, तुम्हीच जा, गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी. मुलगी वर्गात बोलली ती तिच्या मनाने, पण पोट आईचं आहे. वर्गाच्या भिंतीवर तिचं नाव लागलं आणि ते कुणाच्या तरी डोळ्यांत आलं, तर उद्या पुन्हा गाडा लावायचा तिलाच आहे. ती हो म्हणाली तर नाव घाला. नाही म्हणाली तर ‘एक भाजीविक्रेती’ एवढंच लिहा, आणि नाव का घातलं नाही ते त्याच कात्रणाच्या खाली एका ओळीत छापा.